मुक्या पट्ट्या

गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऑर्केस्ट्रा बघायला उभे राहा. ढोलकीवाल्याच्या शेजारी एक जण दोन काठ्या घेऊन उभा दिसेल. त्याच्यापुढे स्टँडवर एक काळी चौकोनी पाटी आणि तिच्यावर रबराचे चौकोन. एकावर काठी पडली की हलगी, दुसऱ्यावर टाळ, तिसऱ्यावर ढोलाचा घुमारा. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे त्याला ऑक्टोपॅडच म्हणतात. हे नाव जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली बाजारात आणलं. त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये, म्हणजे पॅड-८ या मॉडेलमध्ये, एकही आवाज नव्हता. कितीही बडवा, रबरावर काठी पडल्याचा ठप्प तेवढा ऐकू यायचा. त्याच्या पाठीमागून एक वायर निघायची. ती दुसऱ्या यंत्राला जोडली की ते दुसरं यंत्र वाजायचं. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच बसवले गेले, आणि आज मंडपात दिसतो तो हा बोलका ऑक्टोपॅड.

त्या मुक्या पॅडची मला वारंवार आठवण होते, कारण मी पेटी शिकवतो आणि अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी एक मुकं वाद्य येऊ लागलं आहे. दिसायला कीबोर्डच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डाव्या हाताला दोन चाकं, वर काही नॉब आणि मागे यूएसबीचं भोक. स्पीकर नाही. आईवडील कौतुकाने खोकं उघडतात, वायर मोबाइलच्या चार्जरला लावतात, दिवे लागतात, पोर पट्टी दाबतं आणि काहीच होत नाही. मग मला फोन येतो, "सर, पीस खराब आलाय वाटतं. दिवे लागतायत, पण वाजत नाहीये." पीस उत्तम असतो. ते मिडी कंट्रोलर आहे आणि वाजणं हे त्याचं कामच नव्हे, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वाजवायची वस्तू एक आणि वाजणारी वस्तू दुसरी, ही कल्पनाच आपल्या कानामनाला नवी आहे.

का नवी आहे, ते पेटी उघडून बघितलं की समजतं. पट्टी दाबली की तिच्या मागची झडप उचलली जाते आणि भात्याने कोंडलेली हवा पितळी रीडच्या जिभेला थरथरवत बाहेर पडते. बोट, हवा, पितळ आणि आवाज एकाच लाकडी खोक्यात, हातभर अंतरात. सतारीत तर बोट थेट तारेवर. मिरजेतले तंबोऱ्याचे कारागीर पंढरपूरच्या बाजूचे भोपळे हाताळून, ठोकून बघतात तेव्हा ते आवाजच निवडत असतात, कारण तो भोपळा एकदा बसला की त्या तंबोऱ्याचा आवाज जन्मभराचा ठरला. आपल्या सगळ्या वाद्यांची घडण अशी आहे. वाद्य बदललं की आवाज बदलतो, आणि आवाज बदलायचा तर वाद्य बदलावं लागतं.

मुंबईच्या स्टुडिओंत मात्र ही गाठ लवकरच सैल होऊ लागली होती. १९५४चा 'नागिन' चित्रपट घ्या. त्यातली पुंगी ऐकून आजही माणसं डोलतात. संगीत हेमंतकुमारांचं. ती पुंगी कुठल्या गारुड्याने वाजवलेली नाही. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्याच्या पट्ट्यांवर ती वाजवली, सोबत रवींची हार्मोनियम. त्या क्लॅव्हायोलिनचे भाग दोन असत, छोट्या पट्ट्यांचा एक आणि स्पीकर-अॅम्प्लिफायरचं खोकं दुसरं. बोटं पेटीवाल्याची, आवाज पुंगीचा. देशभरच्या श्रोत्यांनी तो खरा मानला, कारण वाजवणाऱ्याला पुंगी कशी श्वास घेते, कुठे लांबवते, कुठे हेलकावते हे ठाऊक होतं. ही गोष्ट मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगतो. आवाज यंत्राने दिला होता, पुंगीपण कल्याणजींच्या बोटांनी.

पुढची मोठी उडीही मुंबईतल्याच एका वादकाची. चरणजित सिंग चित्रपटसंगीतात वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, समोर मांडून दहा रागांची एक तबकडी केली. राग वरती, खाली यंत्राचा न थकणारा ठेका. तेव्हा ती फार कुणी विचारली नाही. २०१०मध्ये ती नव्याने निघाली आणि परदेशातल्या नृत्यसंगीताच्या जाणकारांनी डोक्यावर घेतली. मला त्या तबकडीच्या सालाचं महत्त्व वाटतं. १९८२, म्हणजे मिडी यायच्या अगदी उंबरठ्यावर. रोलँडच्या त्या यंत्रांना आपापसांत लय धरण्याची सोय होती, पण वेगळ्या कंपनीचं यंत्र मध्ये आलं की पंचाईत. प्रत्येक कंपनीची वायर निराळी आणि संकेतही निराळे. एका कंपनीच्या पट्ट्यांवरून दुसऱ्या कंपनीचा आवाज वाजवायचा म्हणजे जाणकार मेकॅनिक गाठणं आलं.

ही पंचाईत दोन माणसांना सलत होती. एक जपानचे इकुतारो काकेहाशी, रोलँडचे संस्थापक. लहानपणी आईवडील गेलेले, तरुणपणी क्षयाने हॉस्पिटलात वर्षं काढलेली, घड्याळदुरुस्तीपासून सुरुवात करून वाद्यांपर्यंत पोचलेले. दुसरे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ, सिक्वेन्शल सर्किट्स या छोट्या कंपनीचे. सगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतील अशी एकच पद्धत असावी, असा प्रस्ताव स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वूड यांनी १९८१मध्ये मांडला. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि काकेहाशींचा ज्युपिटर-६ एका वायरने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं, दुसरा वाजला. स्पर्धक कंपन्यांची दोन यंत्रं, मध्ये पाच पिनांची एक साधी वायर. त्या पद्धतीचं नाव मिडी. तिच्यावर कुणी मालकी सांगितली नाही, कुणाकडून शुल्क घेतलं नाही. जगातल्या कुठल्याही कारखानदाराने ती फुकट वापरावी असं ठरलं, आणि म्हणून ती टिकली. २०१३मध्ये दोघांना तांत्रिक कामाचं ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७मध्ये गेले, स्मिथ २०२२मध्ये. संगीताच्या इतिहासात घराण्यांची नावं आपण आदराने घेतो. या दोघांचीही तशीच घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

आता त्या वायरीतून जातं काय? नवशिक्याची सगळी गफलत इथे होते. त्यातून आवाज जात नाही. जातात ते आकडे. समजा मधल्या सप्तकातली काळी चार दाबली. मिडीत मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं मोजत गेलं की काळी चार येते ६८वर. पट्टी खाली जाताच वायरीतून तीन आकडे निघतात: १४४, ६८ आणि समजा ९५. पहिला सांगतो, "पहिल्या चॅनेलवर एक स्वर सुरू कर". दुसरा सांगतो कुठला. तिसरा सांगतो किती जोरात. बोट उचललं की पुन्हा तीन आकडे, स्वर बंद करण्याचे. जुन्या पाच पिनांच्या वायरीत या तीन आकड्यांना पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तंबोरा की सनई, गोड की कर्कश, यातलं काहीही त्या आकड्यांत नसतं. भातखंड्यांच्या स्वरलिपीचं पान जसं, तसंच हे. कुठला स्वर, कधी, किती वेळ, एवढंच त्यावर असतं. ते कुणाच्या गळ्यातून येणार हे पानाला माहीत नसतं.

त्या तिसऱ्या आकड्याबद्दल थोडं अधिक सांगितलं पाहिजे, कारण पेटीवाल्याला तोच सगळ्यात जास्त छळतो. प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन बारीक संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. या दोहोंमधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी, म्हणजे बोट वेगाने आलं, म्हणजे जोर जास्त. पियानोला हे चपखल लागू पडतं, कारण तिथे हातोडी तारेवर आदळते. पेटीत मात्र पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच राहतो. लहानमोठेपणा भात्याचा. म्हणून पेटीवर तयार झालेला विद्यार्थी कंट्रोलरवर पियानोचा टोन लावून बसला की सगळे स्वर एकाच जोराचे, सपाट येतात. पियानो शिकलेल्या मुलाने हार्मोनियमचा टोन लावला तर उलटं होतं. पेटी मध्येच ओरडते, मध्येच कुजबुजते, आणि पेटी असं कधीच करत नाही.

यावर उपाय आहे आणि तो कुणी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पेटीचा टोन लावाल तेव्हा कंट्रोलरमधली ही वेगाची जाणीव बंद करा, म्हणजे प्रत्येक पट्टी एकाच ठरावीक जोराची होईल. मग डाव्या हाताच्या चाकाला, नाही तर पायातल्या पेडलला, मिडीतला अकरा नंबरचा कंट्रोल जोडा. त्याला एक्स्प्रेशन म्हणतात. स्वर धरून ठेवलेला असताना त्याचा आवाज लहानमोठा करणं हे त्याचं काम. आता डावा हात चाकावर ठेवा आणि उजव्या हाताने वाजवा. काय झालं? भाता परत आला. ज्याचा डावा हात लहानपणापासून भाता घालायला शिकला आहे, ओळ संपताना हवा किती ठेवायची, समेवर थोडी जास्त कशी द्यायची हे ज्याच्या मनगटात मुरलं आहे, त्याला हे चाक समजावून सांगावं लागत नाही. उलट पियानोवाल्याचा डावा हात पट्ट्यांवर गुंतलेला, त्याला चाकासाठी तो मोकळा करायला शिकावं लागतं. पेटी शिकलेलं मूल कंट्रोलरवर मागे पडेल अशी भीती पालकांना असते. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

जे दुसरं यंत्र वाजतं, त्याची कहाणी मोठी असली तरी इथे थोडक्यात. वायरीतून स्वरांचे आकडेच जाणार असतील तर प्रत्येक आवाजाला स्वतंत्र पट्ट्या कशाला हव्यात, हा विचार लगेच सुचणारा होता. यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३चा गाजलेला सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ. पट्ट्या काढून टाकून त्याच्या पोटातला ऐवज टीएक्स-७ नावाने वेगळा विकायला आला. अशा बिनपट्ट्यांच्या आवाजपेटीला साउंड मोड्यूल म्हणतात. रोलँडचं १९९४चं जेव्ही-१०८० हे त्यातलं स्टुडिओवाल्यांचं लाडकं. वरून कार्ड घालून त्यात आवाज वाढवता येत. ज्याने त्या काळात हे काम केलं आहे त्याला अशा मोड्यूलांची फळी, मागे वायरींचं जंजाळ आणि कुठली वायर इन, कुठली आउट, कुठली थ्रू याची रोजची शोधाशोध नक्की आठवत असेल. आज नवशिक्याने जुनं मोड्यूल घ्यावं का? लॅपटॉप नको आहे, कार्यक्रम करायचे आहेत आणि स्वस्तात चांगलं मिळतंय, तर घ्यावं. एरवी गरज नाही.

एक गोष्ट मात्र त्या काळाची अजून आपल्या अंगाला चिकटलेली आहे. १९९१मध्ये सगळ्या कंपन्यांनी १२८ आवाजांची एक ठरावीक यादी मान्य केली, जनरल मिडी नावाची. पहिल्या नंबरला पियानो म्हणजे सगळीकडे पियानो. त्या यादीत १०५व्या नंबरला सतार आहे, ११२व्या नंबरला सनई. तबला नाही. हार्मोनियमही नाही, जवळपासचं काही हवं तर रीड ऑर्गन आणि अॅकॉर्डियन. सनईला जागा मिळाली, पण ती कुणाची, कुठल्या फुंकीची, हे विचारायचं नाही. ज्यांच्या हातात यादी करणं होतं त्यांच्या कानाला आपलं संगीत जेवढं लांबून ऐकू आलं, तेवढंच त्यात उतरलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या टेबलाशी आपल्याकडचं कुणी बसलेलं नव्हतं, ही खंत मात्र आहे. 'इंडियन टोन' घातलेले कीबोर्ड पुढे खास आपल्या बाजारासाठी निघाले आणि आपले कीबोर्डवाले अजूनही ओळखीच्याकडून टोन भरून घेतात, त्यामागे ही उणीवच आहे.

मोड्यूलच्या पेट्या हळूहळू कॉम्प्युटरच्या पोटात गेल्या. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६मध्ये व्हीएसटी नावाची सोय आणली आणि १९९९मध्ये तिच्यात वाद्यंही बसू लागली. तेव्हापासून सिंथ म्हणजे एक सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर डाउनलोड करायचं. ज्या डीएक्स-७ची किंमत १९८३मध्ये सुमारे दोन हजार डॉलर होती, त्याची हुबेहूब आठवण करून देणारं डेक्स्ड हे सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. सर्ज एक्सटी फुकट, आणि तेही कुणा हौशी संगीतकाराला आयुष्यभर पुरेल एवढं खोल. मुलाचा उत्साह आहे तोवर एक पैसा न घालता सगळे आवाज ऐकता येतात. माझ्या पिढीला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

फक्त एक अडचण सांगून ठेवतो, नाही तर पुन्हा फोन येईल. "सर, पट्टी दाबल्यावर आवाज जरा उशिरा येतोय." खरंच येतो. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे, म्हणजे नमुने, आधी साठवतो आणि मग गठ्ठ्याने बाहेर सोडतो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा असेल, सेकंदाला ४४१०० नमुन्यांचा हिशेब असेल, तर तेवढ्यानेच साधारण साडेअकरा मिलिसेकंद जातात. स्पीकर चार मीटर लांब ठेवल्यावर आवाज पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा. वर बाकी यंत्रणेचा उशीर असतोच. ऐकणाऱ्याला ते कळणार नाही. द्रुत लयीत तबल्याबरोबर वाजवणाऱ्याला मात्र आपलं बोट मागे पडतंय असं वाटत राहतं, आणि विद्यार्थी स्वतःच्या हाताला दोष देऊ लागतो. सेटिंगमध्ये जाऊन गठ्ठा १२८वर आणला की हा वेळ तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. लॅपटॉपला झेपलं नाही तर आवाज कडकड फुटू लागतो, मग २५६वर थांबायचं. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर असल्याशिवाय हे नीट जमत नाही. ब्लूटूथचे हेडफोन वापरून वाजवायला बसू नये, त्यात उशीर फारच होतो. वायरीचे लावावेत.

आता ज्या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येतो: या मुक्या पट्ट्यांतून आपला राग निघेल का? पट्ट्यांच्या वाद्याला आपल्या संगीताने सहजासहजी घरात घेतलेलं नाही. १९४०पासून १९७१पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. आक्षेप दोन. पेटीवर मींड निघत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. आणि तिचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले, आपल्या रागांचे नव्हेत. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी बोटांच्या चलाखीने, कणांनी, दोन स्वर क्षणभर एकमेकांत मिसळून मींडेचा भास उभा केला, तो थोर आहे. पण भास तो भासच. मिडीच्या पट्ट्यांवर हे दोन्ही आक्षेप तसेच्या तसे लागू पडतात. ६८ आणि ६९च्या मध्ये आकडा नाही.

पण इथे पुढे जाता येतं, पेटीत जाता येत नव्हतं. गंधाराचंच बघा. पेटीवर शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. सेंट म्हणजे स्वरांतरं मोजायचं माप, एका सप्तकात १२०० सेंट. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, ती नीट लागलेली असेल तर, जो गंधार न छेडता आपोआप ऐकू येतो तो साधारण ३८६वर. चौदा सेंटचा फरक. ज्याच्या कानाला तंबोऱ्याची सवय आहे त्याला पेटीचा गंधार चढा लागतो तो याच चौदा सेंटांमुळे. पेटीत तो उतरवायचा तर पेटी उघडून रीडच्या मुळाशी कानस फिरवावी लागते, जरा जास्त घासलं तर टोकाशी घासून पुन्हा वर आणावं लागतं. आणि तो गंधार एकाच षड्जाला लागू, पट्टी बदलली की सगळं चुकलं. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली ती याच वेदनेतून. सॉफ्टवेअर सिंथमध्ये हेच काम एका छोट्या फाइलमध्ये आकडे लिहून होतं. ४००च्या जागी ३८६ लिहा. सर्ज एक्सटी अशी फाइल घेतं. षड्ज काळी चारला न्या, सगळे स्वर तुमच्या मागून येतील.

मी पहिल्यांदा असा गंधार लावून तंबोऱ्याच्या बरोबर धरला तेव्हा तो तंबोऱ्यात विरघळून गेला. पेटीवरचा गंधार तंबोऱ्याशेजारी कायम वेगळा, थोडा थरथरता ऐकू येतो. हा नाही. बराच वेळ मी पट्टीवरून बोट उचललं नाही. साथीची पेटी बाजूला ठेवून हेच घ्यावं असं मी म्हणणार नाही, बैठकीत पेटीच्या लाकडाचा जो श्वास ऐकू येतो तो मला प्रिय आहे. पण रागाचा गंधार कुठे असतो हे मुलाला ऐकवायला यापेक्षा चांगलं साधन माझ्या हाती आलेलं नाही.

मींडेचंही असंच. डावीकडचं दुसरं चाक, पिच बेंडचं, स्वराला त्याच्या जागेवरून सरकवतं. त्याच्या पूर्ण फेरीचे १६३८४ टप्पे असतात. सुरुवातीला ते वर दोन आणि खाली दोन पट्ट्यांएवढंच सरकतं, ही मर्यादा सिंथमध्ये वाढवता येते. सारंगीचा किंवा बासरीचा टोन लावा, एका वेळी एकच स्वर वाजेल असं ठेवा आणि चाकाने निषादावरून षड्जावर या. पहिल्या दिवशी रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखं येईल. बोट दांडगटपणे चाक ढकलतं, मींड अशी ढकलून येत नाही, ती निघताना आणि पोचताना हळू असते. हे ज्याने गळ्याने केलं आहे त्यालाच चाकाने जमतं. म्हणून मी चाकाला हात लावण्याआधी मुलाला ती जागा गाऊन दाखवायला लावतो. गाता आली तरच चाक. चाक त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम सरकवतं, ही आणखी एक मर्यादा. २०१८मध्ये एमपीई नावाची पद्धत मान्य झाली, तिच्यात प्रत्येक बोटाला स्वतःचा चॅनेल मिळतो आणि पट्टीवरच बोट हलवून मींड काढता येते. असे कंट्रोलर अजून महाग आहेत. पुढच्या काळात आपल्या संगीताला हवं ते यातूनच येईल अशी माझी खात्री आहे.

या सगळ्या सोयीची किंमत कुणी दिली हेही सांगायला हवं. पूर्वी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले, अॅकॉर्डियनवाला, बासरीवाला, बाँगो-काँगोवाला असे दहा-बारा जण असत. आता एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक ढोलकी. लग्नात सनई-चौघडा पेनड्राइव्हवरून वाजतो. त्या ११२ नंबरच्या टोनने आपल्या गावातल्या सनईवाल्याचं काम नेलं आहे, आणि तो टोन वाजवणाऱ्याने एकदा तरी त्याच्यासमोर बसून खरी सनई कशी वाजते हे ऐकलं पाहिजे. फुंक कुठे तुटते, कुठली जागा ओठाने घेतली जाते. नागिनच्या पुंगीत जे होतं ते अशा ऐकण्यातूनच आलेलं असतं. माझा आग्रह आहे की ज्या मुलाकडे सनईचा टोन आहे त्याने वर्षातून एकदा तरी घरच्या कार्याला खरा सनईवाला बोलवावा, आणि त्याला मानधन पूर्ण द्यावं.

विकत काय घ्यायचं, हे राहिलं. पेटी बहुधा साडेतीन सप्तकांची असते, म्हणून पेटीवाल्याला ४९ पट्ट्यांचा कंट्रोलर पुरतो. २५ पट्ट्यांत दोनच सप्तकं मिळतात. नाट्यपद मंद्रातून तारात गेलं की बटण दाबून सप्तक बदलावं लागतं आणि तेवढ्यात जागा निघून जाते. छोट्या, अरुंद पट्ट्यांचे कंट्रोलर प्रवासाला ठीक, शिकायला अजिबात नकोत, त्यांनी हाताची पसरण बिघडते आणि पेटीवर परतल्यावर बोटं चुकतात. ट्रान्सपोजचं बटण असेलच. ते दाबलं की यंत्र प्रत्येक आकड्यात ठरावीक भर घालतं आणि काळी चारचं गाणं पांढरी एकच्या बोटांनी वाजतं. कार्यक्रमात अडलं तर वापरा, रियाझात वापरू नका. प्रत्येक पट्टीतून वाजवता येणं हे साथीदाराचं सगळ्यात मोठं धन आहे.

पाचशे आवाज फुकट मिळतात का, किती सॉफ्टवेअर सोबत येतं, रंगीत दिवे किती, यावर पैसे घालू नका. आवाज आज ना उद्या बदलाल, दहा वेळा बदलाल. पट्ट्या मात्र रोज बोटांखाली राहणार आहेत, आणि वायरीतून जे जाणार आहे ते तिथूनच निघणार आहे. म्हणून दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला आवाज बंद करायला सांगा. त्या मुक्या पट्ट्यांवर सावकाश एक अलंकार वाजवा, मग दुप्पट लयीत. पट्टी बोटाला परत वर उचलते का, कडेला आणि मध्ये सारखीच दबते का, काळ्या पट्टीवरून बोट घसरत नाही ना, चाक सोडल्यावर बरोबर मध्यावर येतं का, एवढं बघा. हे सगळं जमत असेल तर घ्या, आणि घरी आल्यावर तंबोरा लावून बसा.